एकडोळी गाडी: बाहेरून बसवलेल्या झेनॉन दिव्यांचा बिघाड कसा हुडकायचा

गोव्याहून बेळगावला रात्री येताना चोर्ला घाट चढून वर आलं की कणकुंबीपर्यंतचा रस्ता जंगलातला. जुलैत तिथं पाऊस थांबला तर धुकं आणि धुकं हटलं तर पाऊस. त्या पट्ट्यात माझ्या गाडीचा उजवा हेडलाइट दोनदा लुकलुकला आणि गेला. डावा चालू होता, मला थोडंफार दिसत होतं. खरं समोरून येणाऱ्याला मी मोटारसायकल वाटत होतो. आपण रस्त्याच्या डाव्या अंगानं चालवतो, म्हणजे उजवा दिवा मध्याकडचा. तोच गेला की समोरच्याच्या हिशोबातून गाडीची अर्धी रुंदी गायब होते. एक ट्रक आरशाला चाटून गेला तेव्हा हे गणित माझ्या डोक्यात नीट शिरलं.

गाडी जुनी घेतलेली. आधीच्या मालकानं मूळचे हॅलोजन काढून झेनॉनचं किट बसवलं होतं आणि विकताना तेच गुण म्हणून दाखवलं होतं: ‘लाइट लावून बघा, दिवस पडतो.’ दुसऱ्या दिवशी मी दुकानात जाऊन नवा बल्ब घातला. आठ दिवसांनी पुन्हा तेच. मग बेळगावच्या शहापुरातल्या एका जुन्या वायरमन मामांकडं गाडी नेली.

“बल्ब गेलाय म्हणून कोण सांगितलं तुम्हाला?”

“दुकानवाला. मी गेल्या आठवड्यातच बदललो की.”

“तो बल्ब विकतोय वो. अर्थिंग विकत नाही.”

त्या दिवशी त्यांच्या शेडमध्ये स्टुलावर बसून जे बघितलं आणि नंतर वाचून पडताळलं, ते इथं सांगतो.

हॅलोजन म्हणजे घरातल्या जुन्या पिवळ्या बल्बचा थोरला भाऊ. आत टंगस्टनची तार, वीज गेली की ती तापून उजेड देते. व्होल्टेज कमी आलं तर मंद पेटतो, पण पेटतो. तार तुटली की संपला. त्यामुळं हॅलोजनच्या बाबतीत ‘दिवा बंद म्हणजे बल्ब गेला’ हा अंदाज बहुतेक वेळा खरा ठरतो, आणि तीच सवय आपण झेनॉनला लावतो.

झेनॉनमध्ये तारच नाही. क्वार्ट्झच्या इवल्याशा कुपीत समोरासमोर दोन टोकं असतात, मधे जेमतेम चार मिलिमीटरची फट. कुपीत झेनॉन वायू आणि धातूंचे क्षार भरलेले. त्या फटीत विजेची ज्वाळ पेटवायची आणि विझू द्यायची नाही, एवढाच खेळ. उद्यमबागेतल्या कारखान्यांत वेल्डिंग करणारा माणूस बघितला असेल. रॉड पत्र्याला टेकवून किंचित उचलतो, मधे ज्वाळ धरतो, हात हलला की ती विझते. तोच प्रकार इथं बंद कुपीत चालतो.

आता गाडीची बॅटरी १२ व्होल्टची. एवढ्यानं ती फट ओलांडता येत नाही. म्हणून बल्ब आणि बॅटरी यांच्यामध्ये एक डबा लागतो, त्याचं नाव बॅलास्ट. ट्यूबलाइटच्या सवयीनं काही जण त्याला चोक म्हणतात, आणि कामाच्या दृष्टीनं ते फारसं चुकीचंही नाही. पेटवताना हा डबा क्षणभर वीस-पंचवीस हजार व्होल्टचा झटका देतो. फट ओलांडली गेली की झटकन खाली येतो आणि साधारण ८५ व्होल्टवर ३५ वॉट धरून ठेवतो (पारा नसलेल्या नव्या कुप्यांत व्होल्टेज त्याच्या निम्मं). सुरुवातीचा उजेड नुसत्या झेनॉन वायूचा, निळसर. मग काही सेकंदांत क्षारांची वाफ होते आणि भरघोस पांढरा उजेड पडतो. तेव्हा लावल्याबरोबर दिवा पूर्ण उजळत नाही, ही तक्रार घेऊन कुणाकडं जाऊ नका. तो त्याचा स्वभाव आहे.

१९९१ साली बीएमडब्ल्यूनं आपल्या सेव्हन सिरीज गाडीत हे दिवे दिले तेव्हापासून कारखान्यातून येणाऱ्या झेनॉनचा लौकिक चांगलाच आहे. तिथं बॅलास्ट, वायर, फ्यूज, काच हे सगळं एकमेकांच्या मापानं केलेलं असतं. बाजारातल्या किटमध्ये बॅलास्ट एकाचा, बल्ब दुसऱ्याचा, वायरिंग गाडीची आणि बसवणारा घाईत. बिघाड या सांध्यांमध्ये दडून बसतो.

हुडकण्याची पहिली रीत फुकटातली आहे: उजवं ते डावीकडं आणि डावं ते उजवीकडं. पण आधी दिवे बंद, किल्ली बाहेर, बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवलेली आणि पाच-दहा मिनिटं गेलेली. पंचवीस हजार व्होल्ट म्हटल्यावर एवढा धीर धरायलाच हवा. छातीत पेसमेकर असलेल्यानं यात हातच घालू नये. बल्बच्या काचेला बोट लावायचं नाही, लागलंच तर स्पिरिटच्या कापडानं पुसायचं.

मामांनी माझा बंद पडणारा उजवा बल्ब डावीकडं घातला आणि डावा उजवीकडं. दिवे लावले, गाडी चालू ठेवून चहा मागवला. बिघाड जर बल्बाबरोबर डावीकडं गेला असता तर बल्ब दोषी. तो उजवीकडंच राहिला. म्हणजे मी दिलेले बल्बाचे पैसे वाया गेले होते, हे चहा संपायच्या आत कळलं. मग बॅलास्टची अदलाबदल. तरीही उजवीकडंच. बल्ब सुटला, बॅलास्ट सुटला, आता राहिली ती गाडीकडून येणारी वीज. दुकानात यातलं काही होत नाही, कारण अदलाबदलीत विकण्यासारखं काही नसतं.

विजेचं समजायला शेतातली मोटर आठवा. उसाला पाणी पाजायला मोटर चालू केली की घरातला दिवा क्षणभर मंद होतो. फिरायला लागताना तिला फिरत राहण्यापेक्षा कितीतरी जास्त करंट लागतो. झेनॉनचंही तसंच. एकदा पेटल्यावर प्रत्येक दिवा तीनेक अँपिअर घेतो, म्हणजे ५५ वॉटच्या हॅलोजनपेक्षा कमीच. पण पेटताना पहिले काही सेकंद तो त्याच्या दोन-तीनपट, कधी जास्तही ओढतो. गाडीची मूळची वायर बारीक, वर दहा-पंधरा वर्षं जुनी, जोडांना गंज. त्या ओढीनं व्होल्टेज खाली बसतं. हॅलोजन अशा वेळी मंद पेटून भागवून नेतो. बॅलास्ट तसं करत नाही. ठरावीक व्होल्टेजच्या खाली गेलं की स्वतःला वाचवण्यासाठी तो बंद होतो, पुन्हा पेटवायचा प्रयत्न करतो, पुन्हा बंद होतो. बाहेरून आपल्याला दिसतं ते लुकलुकणं.

म्हणून मल्टिमीटर. साधा मीटर घरात असावाच. इंजिन बंद असताना चांगल्या बॅटरीवर १२.४ ते १२.६ व्होल्ट दिसतात, इंजिन चालू केल्यावर साधारण १३.८ ते १४.४. इथंच आकडा कमी असेल तर दिव्यांचं सोडा, आधी बॅटरी आणि डायनामो बघा. (आल्टरनेटर म्हणायला हवं, पण बेळगावात कुठल्याही गॅरेजला डायनामोच म्हणतात.) बॅटरीवर आकडा बरोबर असेल तर दिवा चालू ठेवून बॅलास्टला वीज देणाऱ्या वायरीवर मोजायचं. बॅटरीवर १४ आणि बॅलास्टपाशी १३.७ असेल तर चालतं. तिथं १२ च्या आसपास दिसलं तर मधे कुठंतरी गळती आहे. मोजायचं ते बॅलास्टच्या अलीकडं, बॅटरीच्या बाजूला. पलीकडच्या, बल्बाकडं जाणाऱ्या जाड वायरीला मीटर लावाल तर मीटर जाईल, आणि मीटरवरच निभावलं तर नशीब.

आणि अर्थिंग, म्हणजे वीज बॉडीतून बॅटरीकडं परत जाण्याचा जोड. दिवा चालू असताना मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं बॅलास्टची काळी वायर जिथं बॉडीला बसवली आहे तिथं. आदर्श आकडा शून्य, ०.१ - ०.२ पर्यंत हरकत नाही. माझ्या उजव्या बाजूला मामांना दीड व्होल्ट मिळाले. आधीच्या मालकाच्या कारागिरानं अर्थिंगचा बोल्ट रंगवलेल्या पत्र्यावरच आवळला होता. रंगातून वीज जात नाही. बोल्टाच्या आट्यांमधून जी काय जात होती तीही दोन पावसाळ्यांत गंजली. पत्रा सॅण्डपेपरनं घासून उघडा केला, नवा बोल्ट, वर थोडं ग्रीस. दिवा स्थिर झाला.

इथंच गोष्ट संपली असती तर बरं होतं. गणपतीच्या आधी पुन्हा उजवाच गेला, आणि या वेळी अदलाबदलीत बिघाड बॅलास्टबरोबर डावीकडं सरकला. म्हणजे आता खरोखर डबा गेला होता. कमी व्होल्टेजवर महिनोन्‌महिने धडपडून तो आतून शेकला होता, शिवाय बसवलेला बंपरच्या मागं, खाली, तोंड वर करून. खानापूर-जांबोटीकडचा पाऊस ज्यांनी बघितलाय त्यांना पुढचं सांगायला नको. वायर जिथून डब्यात शिरते तिथून पाणी आत झिरपतं. उघडल्यावर पांढरी पूड आणि हिरवट जोड. बॅलास्ट बसवताना तो शक्य तितका वर, चाकाच्या उडणाऱ्या पाण्यापासून दूर आणि वायरीची तोंडं खाली ठेवून बसवावा. वायरीला डब्याकडं येण्याआधी एक खालचा झोल द्यावा, म्हणजे पाणी झोलाच्या टोकाला गळून जातं. घराच्या भिंतीत केबल घेताना वायरमन हेच करतो.

पावसाळ्यातच दिसणारी आणखी एक खूण म्हणजे बॉनेटखालून येणारा टिक-टिक आवाज आणि अंधारात दिसणारी बारीक निळी ठिणगी. जाड वायरीला चीर पडलीय आणि झटका बल्बाऐवजी बॉडीकडं पळतोय. चिकटपट्टी गुंडाळून हे भागत नाही, वायर बदलावीच लागते. ती वायर लांबवायची नाही, तोडून जोडायची नाही, इतर वायरींबरोबर एकत्र बांधायची नाही. दिवे लावल्यावर एफएमवर खरखर सुरू होत असेल तर तीही बहुधा या वायरीची किंवा स्वस्त बॅलास्टचीच करणी.

बल्ब खरोखर जातो तेव्हा तो आधी रंग बदलतो. पांढऱ्याचा गुलाबी, मग जांभळट. लोक याला ‘भारी कलर आलाय’ म्हणतात. ते म्हातारपण आहे. टोकं झिजलेली, फट वाढलेली, ज्वाळ टिकवायला जास्त व्होल्टेज लागतं, आणि मग काही मिनिटं चालून दिवा आपोआप विझतो. बंद करून लावला की पुन्हा थोडा वेळ चालतो. असा बल्ब बदलायचा तर जोडीनं बदलावा, नाहीतर एक डोळा दुधी आणि एक पिवळट अशी गाडी फिरेल. घेताना डब्यावरचा केल्विनचा आकडा बघा. ४३०० हा किंचित उबदार पांढरा, कारखान्यातल्या गाड्यांत साधारण हाच असतो. ६००० ला निळसर झाक, ८००० ला सरळ निळा. आकडा मोठा म्हणजे उजेड मोठा असं वाटून लोक ८००० घेतात. तो फक्त रंगाचा आकडा आहे, आणि वर जाल तसा रस्त्यावर पडणारा कामाचा उजेड कमीच होत जातो.

फ्यूज उडत असेल तर एक गोष्ट अजिबात करू नका: १५ अँपिअरच्या जागी ३० चा घालणं. फ्यूज वायर वाचवायला असतो. तो मोठा केला की आधी जळते ती वायर, आणि तिच्या शेजारी पेट्रोलची नळी असू शकते. बरोबर उपाय म्हणजे रिलेची वेगळी वायरिंग. (रिले म्हणजे छोट्या करंटच्या इशाऱ्यावर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच.) बॅटरीपासून जाड वायर, बॅटरीच्या अगदी जवळ तिचा स्वतःचा फ्यूज, मधे रिले, पुढं बॅलास्ट. हेडलाइटच्या मूळच्या सॉकेटमधून फक्त रिलेला इशारा द्यायचा. मग दिव्यांची ओढ गाडीच्या जुन्या वायरींवर आणि स्विचवर येत नाही. खरं सांगायचं तर किट बसवतानाच हे करायला हवं असतं, पण बसवणारे वेळ वाचवतात.

नव्या गाड्यांत वेगळाच घोळ. तिथं हेडलाइटला वीज देण्याचं काम कॉम्प्युटर करतो, आणि ती सलग न देता तुकड्या-तुकड्यांत, सेकंदाला कितीतरी वेळा चालू-बंद करून देतो. हॅलोजनची तापलेली तार मधल्या खंडात थंड होत नाही, म्हणून आपल्याला कळत नाही. बॅलास्टला मात्र प्रत्येक खंड जाणवतो. वर दिवा हॅलोजनपेक्षा कमी करंट घेतो, त्यामुळं कॉम्प्युटरला वाटतं बल्ब गेला, आणि डॅशबोर्डवर इशारा पेटतो. यावर कॅनबसचा, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरशी जुळवून घेणारा बॅलास्ट किंवा मधले खंड भरून काढणारा कपॅसिटरचा डबा मिळतो. जादा करंट ओढून कॉम्प्युटरला फसवणारा रेझिस्टर घातला असेल तर तो भयंकर तापतो. प्लॅस्टिकला टेकवून ठेवलेला असेल तर आजच हलवा.

एच-फोर बल्बाच्या गाड्यांचा एक बिघाड असा आहे की तो आपल्याला कधीच दिसत नाही, फक्त समोरच्याला दिसतो. हॅलोजनच्या एच-फोर बल्बात अप्पर आणि डिप्पर अशा दोन तारा असतात, आणि डिप्परच्या तारेखाली उजेड वर जाऊ नये म्हणून छोटीशी वाटी. झेनॉनची कुपी एकच, म्हणून किटमध्ये तिला पुढं-मागं सरकवणारं लोहचुंबक असतं. धूळ, गंज, सैल वायर, काहीही झालं की ते अडकतं. अडकलं अप्परमध्ये, तर तुम्ही रात्रभर फुल लाइट मारत फिरता आणि वर म्हणता, ‘हे सगळे मलाच का डिपर मारतात?’ गाडी भिंतीसमोर उभी करा, दुसऱ्याला अप्पर-डिप्परची दांडी हलवायला सांगा. दोन्ही बाजूंना ‘टक’ ऐकू आला पाहिजे आणि भिंतीवरचा डाग खाली-वर झाला पाहिजे.

भिंत आहेच समोर तर फोकसही बघून घ्या. सपाट जागा, टायरमध्ये बरोबर हवा, डिक्की रिकामी. हेडलाइटच्या मध्याची जमिनीपासूनची उंची मोजून भिंतीवर खडूनं रेघ मारा. गाडी भिंतीपासून १० मीटरवर घ्या. डिप्परच्या उजेडाची वरची कड त्या रेघेच्या साधारण १० सेंटिमीटर खाली यायला हवी. हॅलोजन असेल तर कड स्पष्ट दिसेल.

किट असेल तर बऱ्याचदा कडच सापडत नाही, आणि मामांनी शेवटी बोट ठेवलं ते यावरच. हेडलाइटच्या आतला चकचकीत आरसा हॅलोजनच्या तारेसाठी घडवलेला असतो: तार अमुक जागी, अमुक लांबीची. झेनॉनची ज्वाळ आकारानं वेगळी, किंचित बाक असलेली, आणि बाजारी बल्बात ती नेमक्या जागी असेलच असं नाही. एच-फोर हॅलोजनचा डिप्पर साधारण हजार लुमेन (लुमेन म्हणजे एकूण उजेडाचं माप) देतो, चांगला झेनॉन तीन हजारांच्या पुढं. चुकीच्या आरशात तिप्पट उजेड ओतला की तो सगळीकडं सांडतो. आपल्या नाकासमोरचा रस्ता पांढराशुभ्र होतो, डोळा त्या उजेडाला सरावतो आणि लांबचं उलट कमी दिसतं. गळीत हंगामात निपाणी-संकेश्वर पट्ट्यात मागं लाल दिवा नसलेल्या उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या घेऊन ट्रॅक्टर चाललेले असतात; त्या दिसायच्या तर उजेड लांब पोचला पाहिजे, गाडीपुढं सडा पडून काय उपयोग? चोर्ल्याच्या धुक्यात तर वर सांडलेला उजेड थेंबांवरून परत डोळ्यांत येतो आणि समोर पांढरी भिंत उभी राहते. हा बिघाड कुठल्याही बॅलास्टनं दुरुस्त होत नाही. युरोपच्या नियमांत दोन हजार लुमेनच्या वरच्या दिव्यांना आपोआप खाली-वर होणारी सोय आणि काच धुणारा फवारा सक्तीचा ठेवलाय, तो याच भीतीनं.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कारखान्यानं दिलेल्या मूळ रचनेत नियमाबाहेरचा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते पुन्हा स्पष्ट केलं. जुलै २०२४ पासून कर्नाटक पोलिसांनी डोळे दिपवणाऱ्या दिव्यांविरुद्ध राज्यभर मोहीमही घेतली. आपल्या भागातला माणूस सकाळी बेळगाव, दुपारी महाराष्ट्रातलं चंदगड, रात्री गोव्यातलं साखळी असा एका दिवसात तीन राज्यांत फिरतो. एके ठिकाणी सुटलो म्हणून दुसरीकडं सुटेन असं नाही.

मी किट काढलं. आधी जे करायला हवं होतं ते नंतर केलं: पिवळी पडलेली हेडलाइटची काच घासून पॉलिश करून घेतली, चांगले ६०/५५ वॉटचे हॅलोजन घातले आणि रिलेची वायरिंग तशीच ठेवली. त्यामुळं बल्बांना पूर्ण व्होल्टेज मिळतं, आणि हॅलोजनच्या उजेडात एवढ्यानंही चांगलाच फरक पडतो. झेनॉनइतका दिवस पडत नाही, खरं समोरचे डिपर मारायचे थांबले.

तुम्हीही काढणार असाल तर सॉकेट वितळलेलं नाही ना ते बघा, आणि हेडलाइटच्या मागची रबरी टोपी हातात घेऊन उजेडासमोर धरा. किटची जाड वायर आत घ्यायला तिला भोक पाडलेलं असतं. माझ्या दोन्ही टोप्यांना होतं. मी तशाच बसवल्या आणि पहिल्याच पावसात काचेच्या आत दव धरलं. मामांकडं पुन्हा गेलो तेव्हा त्यांनी काही न बोलता ड्रॉवरमधून दोन नव्या टोप्या काढून बॉनेटवर ठेवल्या.